थुक्रितोस सुंदर

तीनशे खापरांवर एकच नाव कोरायचं म्हणजे काही खायचं काम नाही, आणि ते नाव सख्ख्या मामाचं असलं की वीतभर दाभणसुद्धा पहारीएवढं जड होतं. लिसिल्लाने सकाळपासून दोनशे चाळीस संपवली होती. डाव्या हाताला फुटक्या भांड्यांचा ढीग, उजव्या हाताला लिहून झालेल्या खापरांच्या टोपल्या, आणि समोर भट्टीकडे पाठ करून बसलेला बाप. निकॉन कुंभार कालपासून लेकीशी कामापुरतंच बोलत होता. हे घे. ते ठेव.

"पुढचं," तो आत्ताही म्हणाला.

उद्या चौकात खापरांचं मतदान होतं. शहराला डोईजड झालेल्या एका माणसाला दहा वर्षं हद्दीबाहेर घालवायचं, आणि तो माणूस कोण, हे प्रत्येकाने एका खापरावर लिहून आत टाकायचं. सहा हजार खापरं पडली नाहीत तर सगळंच बाद. पडली, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत चंबूगबाळं आवरायचं. ना गुन्हा, ना खटला, ना एक शब्द बोलायची सोय. लिसिल्लाला हे सगळं बोबडं बोलायच्या वयापासून माहीत होतं. फक्त आजवर ते दुसऱ्यांच्या मामांच्या वाट्याला यायचं.

तिचा मामा थुक्रितोस सभेत बोलायला उभा राहिला की मासळीवाल्याही हातातली सुरी खाली ठेवायच्या, असं लोक म्हणत. दोन वसंतांपूर्वी तो असाच उभा राहिला होता. थ्रेसच्या किनाऱ्यावर चाळीस जहाजं पाठवा, त्यातलं एक माझं म्हणाला, द्राक्षं पिकायच्या आत परत येतील म्हणाला. द्राक्षं पिकली, वाळली, वीस जहाजं परत आली. उरलेल्यांपैकी एकाच्या वल्ह्यावर लिसिल्लाचा मोठा भाऊ दियॉन होता. पुरायला हाडंसुद्धा मिळाली नाहीत. त्या दिवसापासून निकॉनने मेव्हण्याला अंगणाची पायरी चढू दिली नव्हती.

आई, म्हणजे त्याच मेव्हण्याची बहीण, आतल्या खोलीत जव दळत होती. तिनेही कालपासून तोंड उघडलं नव्हतं, पण जातं असं काही फिरवत होती की तीन दिवसांचं पीठ एका दुपारी झालं असेल.

निकॉनला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात अक्षर फक्त लिसिल्लाला यायचं, आणि ते तिला शिकवलं होतं कुणी? मामाने. ओल्या मातीच्या पाटीवर, काडीने, ती सात वर्षांची असताना. तेच अक्षर आता मामाला हाकलायला निघालं होतं. विचार करायला लागलं की हात थांबायचा, म्हणून ती विचार न करता लिहीत होती. थुक्रितोस, एव्दोरसचा मुलगा. थुक्रितोस, एव्दोरसचा मुलगा. हात चालू, डोकं बंद.

घोटाळा झाला तो तिथेच.

दुपार कलल्यावर देमेआस आला. मामाच्या विरोधी गटाचा हा माणूस, अंगाने बारीक, बोलायला तुपासारखा. खापरांची मागणी त्याचीच होती. ज्यांना लिहिता येत नाही त्या शेतकऱ्यांच्या हातात ही तयार खापरं ठेवायची, म्हणजे त्यांना त्रास नको.

"निकॉनभाऊ, तुमच्या पोरीचा हात म्हणजे काय सांगू. अर्ध्या अथेन्सच्या घरात तिच्या अक्षराचे प्याले आहेत."

"आहेत. बघून घ्या आणि न्या."

"बघायचं काय त्यात, तुमच्यावर विश्वास आहे." असं म्हणत देमेआसने टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि थेट तळातलं एक खापर वर काढलं. विश्वास ठेवायची ही पद्धत लिसिल्लाला नवीन होती.

त्याने खापर उन्हात धरलं. ओठ हलले, थांबले. मग तो हसला, आधी नाकातून आणि मग सगळ्या अंगाने.

"थुक्रितोस सुंदर," त्याने वाचलं.

लिसिल्लाच्या हातातून दाभण निसटलं.

मेजवानीच्या प्याल्यांवर कुंभार काय लिहितात हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. शहरातल्या एखाद्या देखण्या पोराचं नाव, आणि त्यापुढे एकच शब्द, सुंदर. पिणारे खूश, पोरगा खूश, प्याला खपतो. लिसिल्लाने ते इतक्या वेळा रंगवलं होतं की नाव संपलं की हात आपोआप त्या शब्दाकडे वळायचा, जशी गाढवं संध्याकाळी गोठ्याकडे वळतात. आज डोकं बंद होतं, तेव्हा गाढव घरी गेलं होतं.

"याचं नाक बघितलंयस का कधी, पोरी? कुस्तीत दोनदा मोडलंय. सुंदर म्हणे." देमेआस हसत होता, पण हात टोपल्यांतून फिरतच होता. अजून एक निघालं. अजून एक. शेवटी अकरा खापरं ओळीने जमिनीवर आली, आणि तोवर त्याचं हसू पार वाळलं होतं.

"काय लिहिलंय तिने?" निकॉनने विचारलं. देमेआसने सांगितलं.

बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, अकराही खापरांकडे बघत उभा राहिला. त्याच्या दृष्टीने ती बाकीच्या खापरांसारखीच होती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"मुद्दाम केलंस."

"नाही बाबा. खरंच नाही. हाताने आपोआप..."

"हात मलाही आहेत. माझ्या हातांनी मला न विचारता कधी मडकं केलं नाही." त्याने ती खापरं पायाने बाजूला सारली. "मला वाचता येत नाही म्हणून तू हे केलंस. आजपासून तू वाचून दाखवशील ते मी खरं धरणार नाही."

उरलेली आणि त्या अकरांच्या बदल्यातली खापरं देमेआसने शेजारी बसून एकेक वाचून घेतली. जाताना त्याने एक नीट लिहिलेलं खापर निकॉनच्या हातात ठेवलं. "हे तुमचं, भाऊ. मी वाचलंय." आत जात्याचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

लिसिल्ला हात धुवायला उठली, पण तिचं लक्ष होतं फळीवर. कामाच्या फळीच्या टोकाला, जिथे ती रंगाचे कुंचले आडवे ठेवायची, तिथे एक तळहाताएवढं खापर दोन वर्षं पडून होतं. कुंचल्यांखाली त्याच्यावर बारीक अक्षरं होती. निकॉनने ते रोज पाहिलं होतं, दहा वेळा उचलून पुसलंही होतं. त्याच्या लेखी तो कुंचले ठेवायचा तुकडा होता.

त्यावर काय लिहिलंय हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला हाकलायचं का, हे उद्या ठरणार होतं.

सकाळी निकॉनने तोंड धुतलं, निळ्या ठिगळाचं जाडं पांघरूण अंगावर घेतलं आणि उभ्या उभ्या जवाची भाकर पाणी घातलेल्या द्राक्षासवात बुडवून खाल्ली. देमेआसचं खापर त्याने पांघरुणाच्या टोकाला बांधलं. रस्त्यावरून माणसं चौकाकडे निघाली होती. एवढी माणसं, आणि गोंगाट नाही. मतदानाच्या दिवशी जो तो मूठ मिटून चालतो.

लिसिल्ला दारात आडवी उभी राहिली. कुंचल्याखालचं खापर तिच्या हातात होतं.

"बाबा, हे बघून जा."

"यावर कुणाला सुंदर म्हटलंयस?"

"हे मी लिहिलेलं नाही. दियॉनने लिहिलंय."

जातं थांबलं. आई दाराशी आली, कोपरापर्यंत पिठाने पांढरी.

"तो जहाजावर गेला त्या दिवशी माझ्या अंथरुणात ठेवून गेला," लिसिल्ला म्हणाली. मग तिने वाचलं. "‘लिसू, मामा नको म्हणाला. म्हणून मी दुसऱ्याच्या जहाजावर जातोय. बाबांना सांगू नको. घडा मीच फोडला, बकरीने नाही.’"

रस्त्यावरून एक म्हातारा खोकत गेला.

"काल खोटं लिहिलंस," निकॉन म्हणाला, "आज खोटं वाचतेस. कालचं तरी हाताने झालं होतं."

त्याने ते खापर तिच्या हातातून हिसकलं. फेकणारच होता. पण आयुष्यभर ज्या बोटांनी भाजलेली माती चाचपली, ती बोटं फेकायच्या आधी चाचपतात. अंगठा काठावर थांबला. त्याने खापर उलटं केलं, उजेडाकडे नेलं. काळ्या रंगात घोड्याचा मागचा खूर होता, अर्धा.

हा घडा त्याचा होता. आठ दिवस खपून केलेला, मेजवानीत मधोमध ठेवायचा मोठा घडा. दियॉन गेला त्याच दिवशी फुटला होता, आणि निकॉनने दुसऱ्या दिवशी बकरी विकून टाकली होती.

मग त्याने अक्षरांकडे पाहिलं. त्याला अक्षरं येत नव्हती, पण खापर येत होतं. भाजलेल्या मातीवर आत्ता ओढलेला ओरखडा आतून लाल, ताजा दिसतो. कालच्या तीनशे खापरांवर तसाच दिसत होता. या ओरखड्यांत काजळी बसली होती, कुंचल्याचं तेल बसलं होतं, बोटांचा मळ बसला होता. त्याने थुंकी लावून अंगठ्याने घासलं, नख घातलं. ओरखडा करडाच राहिला.

"जुनं आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

"बाबा..."

"गप्प. जुनं आहे एवढंच मला दिसतं. काय लिहिलंय ते तुझ्या तोंडून नको."

त्याने ते खापर पांघरुणाच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. एका टोकाला देमेआसचं, दुसऱ्या टोकाला दियॉनचं. आणि मग तो लिसिल्लाच्या बाजूने वाट काढून निघून गेला, मागे न बघता.

आई खाली बसली. "खरंच नको म्हणाला होता?"

"हो. मी मामाला विचारलं होतं, खापरावरचं सांगून, पाणवठ्यावर भेटला तेव्हा. म्हटलं, बाबांना का नाही सांगत? तर म्हणाला, सांगून काय होईल? पोरगा भट्टीवर बापाशी भांडून गेला, हे निकॉनला रोज आठवेल. त्यापेक्षा माझ्यावर चिडू दे. माझी पाठ रुंद आहे."

आईने पिठाचे हात मांडीवर पुसले. "लहानपणापासून असाच. फळं आम्ही चोरायचो, मार हा खायचा." मग ती एकदम म्हणाली, "तू का गप्प बसलीस दोन वर्षं? तुझी पण पाठ रुंद आहे का?"

लिसिल्लाने डोक्यावरून ओढणी घेतली आणि ती पळत सुटली.

चौकात बायकांना पाऊल टाकायला मज्जाव, पण चौकाच्या वरच्या टेकाडावर तांबटांची दुकानं आहेत, आणि तिथून सगळं दिसतं. ती एका दुकानाच्या भिंतीला टेकून उभी राहिली. खाली चौकाला फळ्यांचं कुंपण घातलं होतं, आत जायला दहा वाटा, एकेका वाटेवर पहारा. माणसं आत जात होती ती हात पालथा धरून, लिहिलेली बाजू खाली.

कुंपणाबाहेर तिच्या टोपल्या होत्या. देमेआसची माणसं खेड्यापाड्यातून आलेल्यांना थांबवत होती, खांद्यावर हात ठेवत होती, हातात खापर देत होती. खांद्यावर कांद्याची माळ टाकलेला एक शेतकरी खापर उलटसुलट बघून हसला आणि आत गेला. मग दुसरा. मग चौघे एकदम. जिथे तिला पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे तिचं अक्षर रांगेने आत चाललं होतं. काल तिने ते सुबक काढलं होतं. सवयच तशी. निदान वाकडं काढायचं तरी होतं, असं तिला वाटलं, आणि या वेडेपणाचं रडू आलं.

मग तिला निळं ठिगळ दिसलं.

निकॉन कुंपणापाशी उभा होता. त्याने एका मासळीवाल्याला थांबवलं, पांघरुणाच्या टोकातून काहीतरी काढून दाखवलं. मासळीवाल्याने ते डोळ्यांजवळ नेलं, काहीतरी बोलला, खांदे उडवून गेला. निकॉन हलला नाही. मग त्याने एका लंगड्या म्हाताऱ्या शिपायाला गाठलं. पुन्हा तेच. शिपायाने वाचलं, निकॉनकडे पाहिलं, त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो गेला.

आता जा घरी, लिसिल्ला मनात म्हणत होती. बाबा, आता जा घरी.

पण निकॉन टोपल्यांकडे वळला. देमेआसकडे. त्याच्याही हातात त्याने ते खापर दिलं. देमेआसने वाचलं, मान वर केली, आणि खूप वेळ, खूप गोड, काहीतरी सांगितलं. तिचा बाप मान हलवत ऐकत होता. मग कुठल्याशा खेड्याचा मोठा घोळका मध्ये आला, आणि तो पांगला तेव्हा निकॉन तिथे नव्हता. आत गेला की मागे फिरला, कळायला मार्ग नव्हता.

तो घरी आला तेव्हा उन्हं भट्टीवरून उतरली होती. आईने पुढ्यात भाकर ठेवली, त्याने सरकवली.

"तिघांना विचारलं," तो म्हणाला. मडकं चांगलं भाजलंय का बघायला तो तीन ठिकाणी टिचकी मारायचा, ही जुनी सवय. "दोघांनी तेच वाचलं, जे हिने वाचलं. शब्दाला शब्द. बकरीसकट."

"आणि तिसरा?" आईने विचारलं.

"तिसऱ्याने वाचलं, ‘मामाने बोलावलंय, मी जातो.’ बकरी त्यात नव्हतीच." निकॉनने हातांकडे पाहिलं. "ज्या माणसाने मला काल खापर वाचून दिलं, तोच हा. तेव्हा म्हटलं, याने कालचं तरी काय वाचलं असेल. टाकलं गटारात."

"म्हणजे तुम्ही आत गेला नाहीत?" लिसिल्ला म्हणाली.

"नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. "भट्टीवर मी त्याला म्हणालो होतो, तुझ्या हाताला मातीची जाण नाही, दुसरं काहीतरी बघ. त्याने बघितलं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ओरडा झाला. मोजणी संपली होती. सहा हजार भरून वर कितीतरी. आणि नाव? शेजारचा रंगारी दारातूनच सांगत गेला, जसं कुणाच्या घरी बारसं झालंय. थुक्रितोस, एव्दोरसचा मुलगा. दहा दिवस.

आईने पदर तोंडात धरला. एक खापर गटारात गेलं होतं. उरलेली याच अंगणातून निघाली होती, आणि ती परत आणायची काही सोय नव्हती.

"दोनशे नव्याण्णव," लिसिल्ला म्हणाली.

"तुझी नव्हेत," बाप म्हणाला. "पुढचं, पुढचं म्हणत मी बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो चाकावर बसला. संध्याकाळपर्यंत पातळ, रुंद तोंडाचा, दोन कानांचा एक प्याला फळीवर वाळत होता. असा प्याला सावकाश वाळवायचा असतो, आणि भट्टी भरेपर्यंत थांबायचं असतं. थांबायला वेळ नव्हता. पाचव्या दिवशी माती हाताला अजून गार लागत होती, तरी त्याने तो लिसिल्लापुढे ठेवला.

"लिही."

"काय लिहू?"

"तेच. जे अकरा वेळा लिहिलंस."

तिने कुंचला उचलला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो ठेवायला खापर नव्हतं. ते आता निकॉनच्या उशाशी होतं.

"थांब," तो म्हणाला. "पहिलं अक्षर कसं असतं?"

"गोल. आणि मध्ये टिंब."

"गोल मला येतो." त्याने तिच्या हातातून कुंचला घेतला. चाकावर डोळे मिटून गोल काढणारा माणूस, पण कुंचल्याने काढायला गेला तर गोल एका बाजूला बसला. पुसू का, असं त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ‘नको’ म्हणून मान हलवली आणि पुढचं सगळं स्वतः लिहिलं, सावकाश, डोकं चालू ठेवून.

भट्टी त्या एकट्या प्याल्यासाठी पेटवली. शेजारी म्हणाले, निकॉनला वेड लागलं, एका प्याल्याला एवढी लाकडं. ओल राहिली असेल तर आत ठिकऱ्या होतील, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो तोंडाशी बसून राहिला, एकेका आवाजाला मान वर करत.

दहाव्या दिवशी सकाळी थुक्रितोस गल्लीत आला, खांद्यावर एक बोचकं, मागे सामान लादलेलं गाढव. पायरीशी येऊन तो थांबला. दोन वर्षांची सवय. आई आतून धावली, पण दारातच थबकली, नवऱ्याकडे बघत.

"वर ये," निकॉन म्हणाला. "भट्टी उघडायचीय. तुझ्यासमोर उघडतो."

त्याने विटा काढल्या, राख झटकली आणि प्याला बाहेर घेतला. तळाशी केसाएवढी एक चीर होती. त्याने बोटाने टिचकी मारली, तीन ठिकाणी. मग आईच्या हातातल्या सुरईतून त्यात आसव ओतलं आणि सगळे त्या चिरेकडे बघत राहिले. गळलं नाही.

थुक्रितोसने प्याला घेतला, फिरवला, वाचलं. आपल्या वाकड्या नाकावरून त्याने बोट फिरवलं. डोळे भरले होते, पण आवाज सभेतलाच निघाला.

"लिसू, अक्षर तुझं दिसतंय. पण पहिलं कुणाचं हे? पार एका बाजूला बसलंय."

"माझं," निकॉन म्हणाला. "तुझं नाक बघून काढलंय."

मामा हसला. हसता हसता प्याला सांडायला आला, तसा निकॉनने खालून हात लावला, आणि दोघांनी तो तसाच, चार हातांत, पिऊन रिकामा होईपर्यंत धरला. मग थुक्रितोसने तो बोचक्यात कपड्यांच्या मध्ये ठेवला, गाढवाला हाळी दिली आणि बंदराची वाट धरली.